दम लवकर कमावतो, हाड उशिरा

मला पळायला लावलं ते आमच्या नववीच्या मुलांनी. ऑक्टोबर २०२२ मध्ये साताऱ्यात पाच किलोमीटरची एक दौड होती. मुलांनी नावं दिली आणि जाता जाता म्हणाली, "सर, तुम्हीपण चला की!" माझं वय तेव्हा त्रेचाळीस, वजन ६२ किलो. शाळेत यायला स्कूटर आणि शाळेत आल्यावर हातात खडू, एवढाच काय तो व्यायाम. पण सगळ्या वर्गासमोर नाही म्हणवेना.

पहिला किलोमीटर मी मुलांच्या बरोबरीनं पाच मिनिटांत पळालो. दुसरा संपता संपता छाती भात्यासारखी हलायला लागली. तिसऱ्यात पाय उचलेनात, म्हणून चालायला लागलो. तेवढ्यात साठी ओलांडलेले एक गृहस्थ मागून आले. धावता धावता त्यांनी माझी चौकशी केली, कोणत्या शाळेत असता वगैरे विचारलं. मला एका शब्दाचंही उत्तर देता येत नव्हतं. ते हसले आणि त्याच संथ चालीनं पुढे निघून गेले. मी पोचलो ३९ मिनिटांनी. त्यांना जाऊन बराच वेळ झाला होता.

सोमवारी वर्गात चर्चा झालीच. एक मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही सुरुवातीला फार जोरात पळालात, म्हणून दमलात." बरोबर होतं त्याचं. पण जोरात म्हणजे किती जोरात? आणि दमलो म्हणजे शरीरात नेमकं काय झालं? हा प्रश्न फळ्यावर सोडवता येण्याजोगा आहे.

दमण्याचा हिशोब

सपाट रस्त्यावर धावताना माणूस दर किलोमीटरला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे, सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. गंमत म्हणजे तो हळू धावला काय किंवा जोरात धावला काय, हा आकडा फारसा बदलत नाही. म्हणजे मला एका किलोमीटरला सुमारे ६२ किलोकॅलरी लागणार. बदलतो तो वेळ. पाच मिनिटांत किलोमीटर संपवायचा तर मिनिटाला १२.४ किलोकॅलरी हव्यात.

अन्नाचं ज्वलन होताना १ लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ किलोकॅलरी मिळतात. तेव्हा त्या वेगाला मिनिटाला जवळजवळ २.५ लिटर ऑक्सिजन हवा. आता पुरवठा किती ते पाहू. प्रत्येकाच्या शरीराला ऑक्सिजन वापरण्याची एक कमाल मर्यादा असते. व्यायाम न करणाऱ्या, माझ्या वयाच्या पुरुषाची ही मर्यादा मिनिटाला, किलोमागे ३५ मिलिलिटर धरली, तर माझ्या वाट्याला येतात २.२ लिटर. मागणी २.५ आणि पुरवठा २.२! वरचा खर्च उधारीवर चालला होता.

ही कमाल मर्यादेची कल्पना मांडणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल हे स्वतः धावणारे होते. स्नायूंमधल्या उष्णतेवरच्या कामासाठी त्यांना १९२२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. १९२०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठीवर पिशवी बांधून, उच्छ्वासाची हवा तिच्यात गोळा करत धावण्याचे प्रयोग केले. वेग वाढवत नेला की ऑक्सिजनचा वापरही वाढत जातो, आणि मग एका ठिकाणी अडतो. त्यापुढे वेग वाढवला तरी वापर वाढत नाही, असं त्यांना दिसलं.

मग वरचा खर्च भागतो कसा? स्नायूला काम करायला एटीपी हा रेणू लागतो. स्नायूत साठवलेला एटीपी दोन-तीन सेकंदांत संपतो. क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा आणखी काही सेकंद पुरतो. त्यानंतर ग्लुकोजवर भिस्त. ऑक्सिजनच्या मदतीनं ग्लुकोजचं पूर्ण विघटन झालं, तर एका रेणूपासून एटीपीचे ३० ते ३२ रेणू मिळतात. (जुन्या पाठ्यपुस्तकांत ३६ किंवा ३८ असे आकडे आहेत.) ऑक्सिजनशिवाय फक्त २ मिळतात, मात्र फार झपाट्यानं मिळतात. या झटपट मार्गात लॅक्टेट तयार होतं आणि स्नायूतली आम्लता वाढते. काही मिनिटं हे चालून जातं, पुढे शरीर वेग कमी करायला लावतं. माझ्या तिसऱ्या किलोमीटरचं गुपित एवढंच होतं.

इथे एका जुन्या समजुतीचा समाचार घ्यायला हवा. दौडीनंतर दोन दिवस माझ्या मांड्या दुखत होत्या. "लॅक्टिक ॲसिड साचलं असेल, सर," असं मुलं म्हणाली. आपणही वर्षानुवर्षं असंच सांगत आलो आहोत. पण धावणं थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातलं लॅक्टेट जवळजवळ पूर्ववत होतं. शिवाय ते टाकाऊही नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणाऱ्या दुखण्याचं कारण सवय नसलेल्या श्रमानं स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा हे आहे. ही शक्यता थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच वर्तवली होती.

बोलता येईल एवढंच

त्या ज्येष्ठ गृहस्थांनी मला नकळत एक साधन दिलं होतं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं, तर पुरवठा मागणीला पुरून उरतो आहे असं समजावं. एकेक शब्द तोडून बोलावं लागलं की आपण मर्यादेजवळ आलो. या कसोटीला ना यंत्र लागतं ना पैसा.

माझा वेग मी या कसोटीवर ठरवला. आठ मिनिटांत एक किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १.५५ लिटर ऑक्सिजन, माझ्या कमाल मर्यादेच्या सत्तर टक्के. एवढ्यात बोलता येत होतं. आठवड्यातून चार दिवस, पहाटे, आधी थोडं धावणं थोडं चालणं, पुढे सलग धावणं असा क्रम ठेवला. एक वही केली. तिच्यात तारीख, अंतर, वेळ आणि सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच मोजलेली नाडी असे चार रकाने आखले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नाडी सरासरी ७६ होती. डिसेंबरअखेर ७० झाली, फेब्रुवारीत ६६. मुलांना मी विचारलं, "माझं हृदय आळशी झालं का?" उत्तर गणितातच आहे. विश्रांतीच्या वेळी शरीराला मिनिटाला सुमारे ५.३ लिटर रक्त लागतं. ७६ ठोक्यांत ते भागवायचं तर दर ठोक्याला ७० मिलिलिटर पडतात. ६६ ठोक्यांत भागतं, म्हणजे दर ठोक्याला ८० मिलिलिटर. गरज तीच आहे, पण पंप एका खेपेत जास्त रक्त ढकलतो आहे.

हा बदल लवकर होतो, कारण त्यातला पहिला भाग सोपा आहे. व्यायाम सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तद्रव्याचं प्रमाण वाढतं. रक्त वाढलं की हृदयाचे कप्पे अधिक भरतात आणि ठोका मोठा पडतो. पाठोपाठ स्नायूंमध्ये नव्या केशवाहिन्या फुटतात. आणि पेशींमध्ये, जिथे ऑक्सिजन प्रत्यक्ष वापरला जातो त्या तंतुकणिका वाढतात. जॉन हॉलोझी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवलं. न पळालेल्या उंदरांशी तुलना केली तेव्हा पळालेल्यांच्या स्नायूंत ऑक्सिजन वापरणाऱ्या विकरांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळलं.

माझ्या वहीतही ते दिसत होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेजारच्या गावी दहा किलोमीटरची शर्यत होती. यावेळी पहिला किलोमीटर मी मुद्दाम साडेसात मिनिटांत काढला. कितीतरी जण पुढे गेले, जाऊ दिले. सहाव्या किलोमीटरनंतर त्यांच्यातले बरेच जण पुन्हा भेटायला लागले. ७० मिनिटं लागली, शेवटपर्यंत एकदाही चाललो नाही. शेवटच्या फेरीत रस्त्याकडेच्या एका मुलानं "काका, जोरात!" अशी आरोळी ठोकली, त्याला मी हसून उत्तरही दिलं.

इथवरची गोष्ट सगळेच आनंदानं सांगतात. खरा धडा पुढे आहे.

वहीत नसलेला रकाना

दहा किलोमीटरनं मी हुरळून गेलो. दम भरपूर होता, नाडी ६६ होती, मग अंतर वाढवायला हरकत काय? आठवड्याला २० किलोमीटर धावत होतो, ते तीन आठवड्यांत ३६ वर नेले. पाचव्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात दुखायला लागलं. आधी फक्त धावताना, मग जिना उतरताना, मग रात्री पडल्या पडल्यासुद्धा. बोटाच्या टोकानं दाबलं की नेमकी एक जागा दुखायची. तरी मी आठवडाभर धावत राहिलो. दम होता ना!

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. मी खूष झालो, पण ते म्हणाले, "सुरुवातीला एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. हाडावर ताण आलाय. आत्ता थांबलात तर सहा-आठ आठवडे, नाही थांबलात तर हाडाला चीर जाईल." मी थांबलो. सक्तीच्या त्या विश्रांतीत हाडाविषयी जे वाचलं, ते असं.

आपण हाड म्हणजे घराचा खांब समजतो, एकदा उभारला की झालं. प्रत्यक्षात ती जिवंत आणि सतत दुरुस्त होत राहणारी रचना आहे. ज्या दिशेनं भार पडतो त्या दिशेनं हाड स्वतःला घडवत जातं, हे जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. दुरुस्तीची पद्धत मात्र विचित्र आहे. रस्त्याचा खराब झालेला तुकडा आधी खणून काढतात आणि मग नवा भरतात, तसंच इथे होतं. अस्थिभंजक पेशी सूक्ष्म तडे गेलेला भाग आधी पोखरून काढतात. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. मग अस्थिजनक पेशी तिथे नवं हाड भरतात आणि त्यात खनिजं साठवतात. याला मात्र तीन महिने किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो.

म्हणजे नवा भार सुरू झाल्यावर काही आठवडे असे येतात की खणणं झालंय, पण भरणं व्हायचंय. हाड बळकट होण्याच्या वाटेवर असतं, पण तूर्त आधीपेक्षा कच्चं असतं. आणि नेमका हाच काळ असा असतो की हृदय आणि रक्त तयार झालेले असतात, दम लागत नाही, आणि धावणाऱ्याला वाटतं की आपण आता काहीही करू शकतो. सैन्यात नव्यानं भरती झालेल्या तरुणांना हा त्रास होतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. लांब कूच केल्यावर सैनिकांची पावलं सुजून दुखतात, याची नोंद ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी १८५५ मध्ये केली. क्ष-किरणांचा शोध लागायला त्यानंतर चाळीस वर्षं जायची होती. क्ष-किरण आल्यावर कळलं की ते तळपायाच्या हाडांना गेलेले तडे होते.

भाराचा अंदाज मुलांनीच काढला. मी मिनिटाला साधारण १६५ पावलं टाकतो. सात मिनिटांच्या किलोमीटरला सुमारे ११५० पावलं, म्हणजे एका पायाला ५७५. धावताना दर पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन ते तीन पट बल येतं. अडीच पट धरलं तर माझ्या बाबतीत १५५ किलोच्या भाराइतकं. आठवड्याला २० किलोमीटर म्हणजे एका पायावर ११,५०० आघात. ३६ किलोमीटर म्हणजे २०,७००. दर आठवड्याला नऊ हजारांहून जास्त आघातांची ही वाढ मी हाडाला न विचारता केली होती. नाडीसाठी रकाना होता, हाडासाठी नव्हता. कंडरांचंही असंच आहे. त्यांनाही बळकट व्हायला महिने लागतात.

फळ्यावरचं वाक्य

हे सगळं मला एप्रिल २०२३ मध्ये कळलं होतं. तरीही ऑगस्टमध्ये जे घडलं ते घडलंच.

आमच्या शाळेतली नववीतली एक मुलगी तीन हजार मीटर धावायची. सातारा जिल्ह्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली होती. तिचं वर्तमानपत्रातलं छायाचित्र या मुलीनं वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलं होतं. तालुक्याला ती पहिली आली. जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. मैदानाकडच्या फळ्यावर मुलांना हुरूप यावा म्हणून मी एक वाक्य लिहिलं होतं: "दुखलं तरी थांबायचं नाही."

एका सकाळी प्रार्थनेनंतर ती जिना चढताना दिसली. प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग उजवा त्याच्या शेजारी. मी विचारलं, तर "काही नाही, सर." खाली बसवून नडगीवर बोट फिरवायला सांगितलं. एका जागी ती दचकली. किती दिवस दुखतंय? तीन आठवडे. सांगितलं का नाहीस? तिनं फळ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

डॉक्टरांचा निर्णय माझ्यासारखाच होता, फक्त हाड पुढच्या पायरीवर गेलं होतं. जिल्हा स्पर्धा बुडाली. ती रडली, आणि पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्यात तिची चूक नव्हती. माझ्या नडगीचं दुखणं मी घरी सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. मुलांना मात्र फक्त ७० मिनिटांची शर्यत सांगितली होती.

आमच्या बाईंनी तिच्या आईशी बोलून आणखी काही गोष्टी समजून घेतल्या, त्या सगळ्याच शिक्षकांनी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. ती सकाळी फक्त चहा घेऊन सरावाला यायची आणि शाळेच्या मधल्या सुट्टीपर्यंत काही खायची नाही. वाढीच्या वयात उंची आधी वाढते, हाडात खनिजं भरण्याचा वेग नंतर वाढतो. दोन्हींत सहा महिने ते वर्षभराचं अंतर असतं. त्या काळात हाड लांब झालेलं असतं, पण पुरतं भरलेलं नसतं. त्यात खर्चाच्या मानानं खाणं कमी पडलं, तर शरीर काटकसर सुरू करतं. मुलींमध्ये पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि तिच्याशी संबंधित संप्रेरकं कमी झाल्यानं हाडांची भरणी मागे पडते. धावणाऱ्या मुलीची पाळी थांबणं हे "सरावामुळे होतं" म्हणून सोडून देण्यासारखं नाही. तो इशारा आहे. लोह कमी पडलं तर हिमोग्लोबिन कमी होतं आणि दमही घटतो. सरावाआधी एक केळं किंवा गूळ-शेंगदाणे, सरावानंतर पोटभर भाकरी, उसळ, दूध किंवा अंडं हे शर्यतीच्या बुटांपेक्षा महत्त्वाचं आहे.

फळ्यावरचं वाक्य मी पुसलं. त्याच्या जागी काही लिहिलं नाही. वहीत मात्र एक रकाना वाढवला: "कुठे दुखतंय?" त्यात तीन खुणा ठेवल्या. दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, दोन दिवसांत जाणारं दुखणं म्हणजे स्नायूंचं. त्यात हलकं धावायला हरकत नाही. एकाच पायात, बोटानं दाखवता येणाऱ्या एका जागी, रोज वाढत जाणारं दुखणं म्हणजे थांबायचं आणि सांगायचं. रात्री झोपेतही दुखलं, तर डॉक्टरांकडे.

यवतेश्वरचा घाट

माझी नडगी बरी झाली ती जून २०२३ मध्ये. त्यानंतर अंतर वाढवलं ते हाडाच्या चालीनं. दोन-तीन आठवडे एकाच अंतरावर थांबायचं, मग दोन-तीन किलोमीटर वाढवायचे. आठवड्याला ३६ किलोमीटरवर पोचायला यावेळी नऊ महिने लागले. नाडी तेव्हाही ६५ च्या आसपासच होती. म्हणजे दम केव्हाचाच तयार होता, वाट पाहत होतो ती बाकीच्या शरीराची.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. अंतर २१ किलोमीटर ९७.५ मीटर. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळसा घेऊन त्याच वाटेनं परत यायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये मी तिथे उभा राहिलो.

तयारीच्या काळात आम्ही वर्गात तीन हिशोब केले होते. पहिला चढाचा. समजा चढ ३०० मीटरचा आहे. ६२ किलो गुणिले ९.८ गुणिले ३०० म्हणजे सुमारे १,८२,००० ज्यूल, म्हणजेच ४३ किलोकॅलरी. आकडा फसवा आहे, कारण स्नायू इंधनातल्या ऊर्जेच्या साधारण चौथ्या भागाचंच काम करतात. तेव्हा खर्च पावणेदोनशेच्या घरात जातो. सपाटीवरचे १३०० मिळवून सुमारे १५०० किलोकॅलरी. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनच्या रूपात सुमारे २००० किलोकॅलरी असतात, शिवाय थोडी चरबीही जळते. म्हणून अर्ध्या मॅरेथॉनला इंधन पुरतं. पूर्ण मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरनंतर अनेकांचे पाय एकाएकी जड होतात, तिथे हा साठा तळाला गेलेला असतो.

दुसरा हिशोब उष्णतेचा. तासाला आठ किलोमीटर धावलो तर सुमारे ५०० किलोकॅलरी खर्च होतात. त्यातल्या तीन चतुर्थांश, म्हणजे ३७५, उष्णता होतात. ही उष्णता अंगातच राहिली तर? शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरून मुलांनी भागाकार केला. उत्तर आलं, तापमान तासाभरात ७ अंश सेल्सिअसनं वाढेल! वर्ग एकदम गप्प झाला. वाचवतो तो घाम. १ लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. म्हणजे ०.६५ लिटर पुरेसा आहे, पण त्याची वाफ झाली तर. मी तासभर धावण्याच्या आधी आणि नंतर वजन केलं, तर ८०० ग्रॅम कमी भरलं. उरलेला घाम नुसता टपकला होता. मुंबईच्या दमट हवेत टपकणारा वाटा आणखी वाढतो, म्हणून तिथे तोच वेग जड जातो. पाणी मात्र तहानेप्रमाणे प्यावं. भीतीपोटी वाटेल तेवढं प्यायल्यानं रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांमध्ये ते कमी आढळलं होतं.

तिसरा हिशोब उताराचा, आणि तो आकड्यांत मावत नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखं काम करतो. सूक्ष्म इजा होतात त्या मुख्यतः अशा वेळी. पण एकदा अशी इजा होऊन भरून आली, की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेच काम बऱ्याच कमी त्रासात करतो. म्हणून शर्यतीच्या तीन आठवडे आधी मी मुद्दाम एकदा घाट धावत उतरलो होतो.

त्या दिवशी घाटात पाऊस भुरभुरत होता. चढावर वेग किलोमीटरला नऊ मिनिटांवर आला, येऊ दिला. कसोटी तीच: बोलता येतंय ना? शेजारी धावणाऱ्या कोल्हापूरच्या एका बँक कर्मचाऱ्याशी मी दोन वळणं गप्पा मारल्या. परतीच्या उतारावर हात सैल सोडून छोटी पावलं टाकली. २ तास ४१ मिनिटं लागली. पुढच्या दोन दिवसांत मांड्या दुखल्या, पण दोन्ही सारख्या. रकान्यात तसं लिहिलं.

वर्गात करून पाहा

मुलांना आठवडाभर सकाळी अंथरुणात, पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला सांगा. सरासरी काढा आणि तीन महिन्यांच्या सरावानंतर पुन्हा मोजा. तापाच्या दिवशी नाडी किती वाढते तेही दिसेल. मैदानावर ४०० मीटरच्या फेऱ्या मारताना "बोलता येतंय" अशा वेगानं एका फेरीला किती वेळ लागतो ते दर पंधरवड्याला नोंदवा आणि आलेख काढा. एका मिनिटात उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजून आठवड्याचे आघात काढा. दमा, हृदयाचा त्रास किंवा ताप असणाऱ्या मुलांना धावण्यातून वगळून वेळ नोंदवण्याचं काम द्या.

आणि पाचवा रकाना विसरू नका. आमच्या शाळेत आता धावणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वहीत तो असतो. ती मुलगी २०२४ मध्ये दहावीत असताना जिल्हा स्पर्धेत धावली, चौथी आली. स्पर्धेच्या आदल्या महिन्यात एका लहान मुलाला तिनं मैदानावरून माझ्याकडे आणलं. म्हणाली, "सर, याच्या नडगीत एका जागी दुखतंय. सांगत नव्हता." त्याच्या वहीत तो रकाना तिनंच भरला होता.